पाऊस पडून बर्फ वितळला तर हिमस्खलनाचा धोका कमी होतो का?

मार्चअखेरीस मनालीच्या वर ट्रेकला जाताय, अंदाज उबदार हवेचा अन् पावसाचा आहे, आणि ग्रुपमधले म्हणतात 'थंडी कमी, बरंच झालं'. नाही हो, कृपा करून असं समजू नका. धोका वाढतो.

आपल्याकडे दरडी कधी कोसळतात? पावसात माती भिजून जड झाली की. बर्फाचंही बरंचसं तसंच. पावसाने उतारावरचं वजन वाढतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. पाणी झिरपत खालच्या कडक थरापर्यंत गेलं की वरचा थर त्यावरून घसरतो. बर्फ ताजा असेल, तर पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांतही उतार सुटू शकतो. म्हणून 'थोडं थांबून बघू' म्हणत उताराखाली बसू नका. भुसभुशीत बर्फापेक्षा ओला बर्फ सावकाश येतो, पण थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. आत अडकलेल्याला हातही हलवता येत नाही, आणि पहिल्या पंधराएक मिनिटांनंतर जगण्याची आशा झपाट्याने घटते.

उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करताना उस्ताद आम्हाला अंधारात बाहेर काढायचे, कारण रात्री गोठलेला बर्फ सकाळपर्यंत टणक असतो. पण ढगाळ रात्री बर्फातली उष्णता नीट बाहेर पडत नाही, तो गोठतच नाही. मग पहाटे निघूनही उपयोग नाही. तंबूबाहेर पाऊल टाकून बघा. बूट घोट्याच्या वर रुतला, किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळताना दिसले, तर त्या दिवशी उतारावर जाऊ नका.

आपण सपाटीवरून चालतोय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा इथे रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ जण अडकले, ८ गेले. ते काही शिखर चढत नव्हते. डोक्यावरचा उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर खालची वाटही धोक्याचीच.

चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज बघा. आणि पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: पाऊस लागला तर परत फिरायचं कोण ठरवणार? उत्तर गोलमोल आलं तर मी तरी त्यांच्यासोबत जाणार नाही.