लाहार, लोकसहभाग आणि भात

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, मुलीच्या भूगोलाच्या प्रोजेक्टचा विषय 'लाहारचा धोका आणि सामुदायिक सहभाग' असा आहे, तर लाहारला 'लाव्हाची लहर' म्हणायचं का, आणि 'सामुदायिक सहभाग' बरोबर की 'लोकसहभाग'?

'लाव्हाची लहर' प्लीज नको. लाहारमध्ये लाव्हा वाहत नाही, ज्वालामुखीची राख, दगड आणि पाणी यांचा ओल्या काँक्रीटसारखा घट्ट लोंढा नदीच्या पात्रातून सुटतो तो लाहार, आणि त्याला दरवेळी उद्रेकच लागतो असंही नाही, फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक १९९१ चा पण नंतर कित्येक वर्षं नुसत्या पावसाने लाहार येत राहिले. शब्द जावानीज आहे. आपल्या 'लहरी'शी त्याचं नातं लावणारे पुरावा मागितला की 'ऐकायला सारखंच आहे ना' म्हणतात, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

खरी मजा 'सहभागा'त आहे. धातू भज्, म्हणजे वाटणे. त्यातून भाग, विभाग, भाग्य म्हणजे वाट्याला आलेलं, भक्त, भक्ती. आणि संस्कृतात 'भक्त'चा आणखी एक अर्थ आहे, अन्न, शिजवलेला तांदूळ! भक्त, भत्त, भात. म्हणजे देवळातला भक्त आणि ताटातला भात एकाच घरचे. 'भत्ता'पण तिथलाच असं माझं पक्कं मत आहे. ठाण्यातले एक संस्कृतचे सर म्हणतात हे ओढूनताणून आहे. सर, मौक्तिकाचा मोती चालतो तर भक्ताचा भात का चालत नाही? कोश उघडा.

तर सहभाग म्हणजे वाटा. हॉलमध्ये खुर्च्या मांडून स्लाइड दाखवल्या, शेवटी फोटो काढला आणि बातमीत 'उत्स्फूर्त लोकसहभाग', हे वाचलं की डोकं फिरतं. ती उपस्थिती झाली. मुंब्र्याला डोंगराच्या कडेच्या घरांना पावसाळ्याआधी नोटीस दिली तर ती सूचना झाली, सहभाग नाही. कोलंबियात आर्मेरो गावाचं उदाहरण बघा, धोक्याचा नकाशा १९८५ च्या ऑक्टोबरात तयार होता, १३ नोव्हेंबरच्या रात्री नेवादो देल रुइस ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर लाहार गावात पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला, तरी वीस हजारांवर माणसं गेली, कारण त्या माहितीत गावाला वाटाच नव्हता. उलट इक्वेडोरमध्ये तुंगुराहुआ ज्वालामुखीच्या उतारावरचे शेतकरी २००० पासून वायरलेस सेट घेऊन स्वतः टेहळणी करायचे, संध्याकाळी वेधशाळेला रिपोर्ट द्यायचे, त्यांना तिकडे 'विहिया' म्हणतात, आपल्याकडे टेहळ्या. दरीतून आवाज आला की तो आधी त्यांना कळायचा, आणि गाव त्यांचं ऐकायचं कारण ते गावातलेच. याला म्हणतात सहभाग!

हां, ताईंचा प्रश्न. लाहार तसंच लिहा, पुढे एकदा 'राखेच्या चिखलाचा लोंढा' असं समजवा. 'सामुदायिक' नको, सरळ 'लोकसहभाग', पण जिथे लोकांना फक्त सांगितलं गेलं तिथे मुलीला 'जनजागृती' लिहायला सांगा.