सोमवारपासून चार गावं तुझ्याकडे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

सकाळच्या शोवाल्याला काढलं, दुपारचा माइकही रिकामा झाला आणि सोमवारपासून तुझ्या एकट्याच्या आवाजात चार गावांचा कंट्री संगीताचा रेडिओ चालणार, हे कळलं. पगार किती वाढला हे विचारत नाही.

श्रोते कमी झाले म्हणून तो गेला, असं कुणी सांगितलं तर मान डोलव आणि विसरून जा. १९९६ आधी अमेरिकेत एका कंपनीला जास्तीत जास्त २० एएम आणि २० एफएम स्टेशनं ठेवता यायची. त्या वर्षीच्या कायद्याने देशपातळीवरची ही मर्यादा उठली आणि कर्ज काढकाढून शेकडो स्टेशनं विकत घेतली गेली. पुढे यातल्याच दोन बड्या रेडिओ कंपन्यांपैकी क्युम्युलस २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जासकट आयहार्टमीडिया. व्याज भरायला पैसा लागतो. टॉवरचं वीजबिल कापता येत नाही, जाहिराती आणणारा माणूस कापायची कुणाची छाती होत नाही. उरतो तो बोलणारा. त्यात २०१७ मध्येच एफसीसीने, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने, स्टेशनच्या परिसरात स्टुडिओ ठेवायची सक्तीही काढून टाकली. म्हणजे गावात कुणी नसलं तरी कायद्याची हरकत नाही.

आता सोमवारचं काम. व्हॉइस ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवण्यात, तासाला चार-पाच वेळा बोलायचं असतं, म्हणजे चार तासांच्या शोचे सोळा ते वीस तुकडे. हात बसला की ते अर्ध्या-पाऊण तासात उरकतात, आणि मॅनेजमेंटला नेमकं हेच आवडतं. पडद्यावर गाण्याच्या नावाशेजारी गायकाचा आवाज सुरू होईपर्यंतचे सेकंद दिसतात. चौदा दिसले तर तेराला थांब. गायकाच्या पहिल्या शब्दावर तुझा शेवटचा शब्द चढला, की मशीन बोलतंय हे ट्रकवाल्यालाही कळतं.

नवशिके जास्त फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी. तू दुपारी ट्रॅक करून घरी जातोस आणि संध्याकाळी कुणीतरी लॉगमधलं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या गाण्यांच्या यादीतलं, गाणं बदलतं. सकाळी तू एकाचं नाव घेतोस आणि वाजतं भलतंच. म्हणून लॉग किती वाजता बंद होतो हे आधी विचार आणि त्यानंतरच रेकॉर्ड कर. ते जमणार नसेल, तर ट्रॅकमध्ये गाण्याचं नाव घेऊच नको.

हवामान तर मुळीच रेकॉर्ड करू नको. तुझ्या चारही गावांत चक्रीवादळाचे, म्हणजे टॉर्नेडोचे, भोंगे वाजतात. भोंगा वाजत असताना रेडिओवर ‘काय मस्त ऊन पडलंय’ ऐकू आलं, तर तो माणूस परत तुझ्याकडे येणार नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज आदल्या दिवशी येतोच. धोका दिसला तर त्या तासांचे ट्रॅक काढून टाक, ऑटोमेशन लाइव्ह-असिस्टवर घे, म्हणजे मशीन तुझ्या हाताखाली चालेल, आणि खुर्चीत बस. ‘वॉच’ म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय, आता तळघरात जा. हे दोन शब्द माइकवर कधी अदलाबदल होऊ देऊ नको. चारही काउंट्यांच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) शेरीफ डिस्पॅचचे, म्हणजे पोलीस नियंत्रण कक्षांचे, नंबर कागदावर लिहून कन्सोलला चिकटव, आणि तुझा नंबर त्यांच्याकडे आहे ना, तेही तपास. नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला १८ जानेवारी २००२ च्या पहाटे मालगाडी घसरून अमोनियाचा ढग शहरावर आला. तिथली सहाही व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीची होती आणि रेडिओवरून लोकांना वेळेत सावध करता आलं नाही. चूक इशारा-यंत्रणेची की रिकाम्या स्टुडिओची, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. तुझ्या गावांत तो वाद व्हायला नको.

नावांचं एक काम मात्र आपल्याला सोपं आहे. इलिनॉयमधल्या कैरोला तिथले लोक ‘केरो’ म्हणतात, केंटकीतलं व्हर्साय ‘व्हर्सेल्स’ आहे आणि मिसुरीतलं नेवाडा ‘नेव्हेडा’. इंग्रजी स्पेलिंग बघून बोललास तर एका शब्दात परका ठरशील. प्रत्येक गावाच्या ग्रंथालयात किंवा खत-बियाण्यांच्या दुकानात फोन कर, रस्त्यांची, शाळांची, ओढ्यांची नावं त्यांच्या तोंडून ऐक आणि देवनागरीत जसंच्या तसं उतरव. इतका चोख उच्चारकोश तुमच्या स्टेशनवर दुसऱ्या कुणाकडे नसेल.

जिथे राहत नाहीस तिथे राहतोस असं भासवू नको. ‘मी इथून बोलतोय’ म्हणायची गरजच नसते. ‘शुक्रवारी तुमच्या पोरांची मॅच शेजारच्या काउंटीशी आहे, किकऑफ सातला’ एवढं खरं आणि अचूक असलं की पुरतं. गावाचं साप्ताहिक लावून घे. शाळेचं वेळापत्रक, अंत्यविधीच्या सूचना, जनावरांच्या लिलावाचा वार, या तीन गोष्टींवर निम्मी कंट्री स्टेशनं उभी राहिली. आपल्याकडे झुमरीतलैयाच्या फर्माईशी का लक्षात राहिल्या? गावाचं नाव मोठ्याने घेतलं जायचं म्हणून.

एक वही कर. पहाटे साडेचारला दूध काढताना ऐकणारा कोण, रात्री ट्रकमधून फोन करणारा कोण, कुणाची बायको इस्पितळात आहे. पुढच्या फोनला त्याने सांगायच्या आधी तू विचार, ‘घरी आणलं का त्यांना?’ आणि हे संभाषण हवेवर घ्यायचं असेल तर रेकॉर्ड सुरू करण्याआधी त्याला तसं सांग. तो एफसीसीचा नियम आहे. १९८९ पासून कंट्री स्टेशनं सेंट ज्यूड या मुलांच्या इस्पितळासाठी रेडिओथॉन, म्हणजे हवेवरून देणग्या मागण्याचा कार्यक्रम, करतात. लोक दरमहा पैसे द्यायला तयार होतात ते ओळखीचा आवाज मागतो म्हणून. माणूस काढताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

आता तुझ्यावर वेळ आली तर. बोलावणं बहुधा शो संपल्या संपल्या येतं. तेवढ्यात ईमेल बंद होतो, दाराचं कार्ड चालत नाही आणि हवेवर निरोप घेऊ देत नाहीत, कारण उघड्या माइकसमोर दुखावलेला माणूस बसवायची कंपनीला भीती वाटते. तेव्हा आजच स्वतःच्या नावाचं डोमेन आणि वेगळा ईमेल घे. फेसबुकवर स्टेशनच्या पानाखेरीज तुझं स्वतःचं पान हवं; स्टेशनचं पान गेलं की श्रोतेही गेले. पण स्पर्धेत भाग घेणाऱ्यांची यादी कॉपी करून नेऊ नको. ती कंपनीची आहे, आणि त्यावरून वकिलाची नोटीस येऊ शकते.

करार काढून वाच. बाहेर पडल्यावर किती महिने, किती मैलांच्या आत बोलायला बंदी आहे ते बघ. कॅलिफोर्नियात असं कलम सहसा टिकत नाही. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स आणि इलिनॉयमध्ये प्रसारणातल्या लोकांसाठी वेगळे कायदे आहेत. बाकी राज्यांत वकिलाला एक तास पैसे देऊन विचार. हवेवरचं नाव कुणाच्या मालकीचं, हेही बघ. आणि तुझ्या आवाजाची प्रतिकृती वापरायची परवानगी कुठे दडलीय का, ते शोध. २०२३ मध्ये पोर्टलंडच्या एका स्टेशनने निवेदिकेच्या आवाजाची एआय आवृत्ती हवेवर आणली. तिथे ते सांगून-सवरून झालं. तुझ्या करारात ते एका ओळीत असेल.

काढताना समोर ठेवलेल्या कागदावर त्या खोलीत सही करू नको. मुदत विचार आणि घरी घेऊन ये. बेकारी भत्त्याचा अर्ज त्याच आठवड्यात कर. कंपनीचा आरोग्यविमा कोब्रा नावाच्या कायद्याखाली चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला साठ दिवस मिळतात, पण हप्ता १०२ टक्क्यांपर्यंत तुझ्याच खिशातून जातो.

स्वतःचं स्टेशन काढायचं डोक्यात असेल तर लो-पॉवर एफएम बघ. शंभर वॅट, साधारण साडेपाच किलोमीटरचा टापू, जाहिराती नाहीत, परवाना संस्थेच्या नावावर आणि अर्ज एफसीसी खिडकी उघडेल तेव्हाच. पोट भरणार नाही. शाळांच्या मॅचचं समालोचन आणि लिलावाचा माइक यांवर मात्र थोडं भरतं.

माइक उघडला की स्किमर तुझं बोलणं आपोआप नोंदवतो. त्या फायली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात; किती, ते इंजिनिअरला विचार. पुढची नोकरी मागताना ऐकवायला त्यातले चांगले तुकडे, गाणी कापून, तीन मिनिटांत बसव आणि इंजिनिअरला सांगून घरच्या ड्राइव्हवर ठेव. वादळाच्या रात्रीचा तुकडा पहिला लाव.

तुझा,
काका