मुलीच्या बी.कॉम.साठी स्वस्तातला लॅपटॉप: एन४०२० घ्यावा की एन१००? विंडोज ठेवावं की लिनक्स?

तुम्ही लिहिलंय की मुलगी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतेय, तिला टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन लेक्चर हवीत. एम.जी. रोडवरच्या दुकानात दोन लॅपटॉप पाहिलेत: इंटेलचा सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (साधं, स्वस्त स्टोरेज); आणि चार हजार रुपये जास्तीचा, इंटेलच्याच एन१०० प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. दुसरा घ्या. आत्ता पैसे कमी पडत असतील तर महिनाभर थांबा, पण पहिला घेऊ नका.

खरी अडचण त्या ६४ जीबीत आहे. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज एवढीच, म्हणून असा लॅपटॉप विकता येतो. पण 'धिस पीसी' उघडलं की ६४ चे जेमतेम ५८ दिसतात आणि त्यातले निम्मे विंडोजच खातं. टॅली, ऑफिस, चार-सहा लेक्चरं उतरवली की मोठ्या अपडेटला जागा उरत नाही. ते अर्ध्यावर अडकतं, मागे फिरतं, पुन्हा सुरू होतं आणि ऐन परीक्षेत मशीन गुंतून पडतं. ईएमएमसी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्याने नंतर मोठी टाकता येत नाही.

एन४०२० दोन कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग), २०१९ चा. एन१०० चार कोरचा, २०२३ चा, फक्त ६ वॅटचा. शिवाय यूट्यूबचा एव्ही१ प्रकारात दाबलेला व्हिडिओ एन१०० त्यासाठीच्या खास हार्डवेअरवर उलगडतो. एन४०२० ला ते काम कोरवर घ्यावं लागतं, म्हणून चित्र अडखळतं. दुकानदार एएमडीचा रायझन ३ ७३२०यू प्रोसेसर दाखवेल तर तोही चालेल, चार कोर आठ थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळतो. फक्त सुरुवातीच्या ७ वरून तो फार नवा समजू नका. या मालिकेत तिसरा आकडा कोरची पिढी सांगतो. इथे तो २, म्हणजे २०१९ ची झेन २.

टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे विंडोज ठेवा. मात्र काही स्वस्त लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात. त्यात स्टोअरबाहेरचं काही इन्स्टॉल होत नाही, टॅलीही नाही. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमधून स्टोअरमध्ये जाऊन तो फुकट काढता येतो. एकदा काढला की परत लावता येत नाही, पण तुम्हाला तो लागणारही नाही. टॅली नसतं तर मी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती सुचवली असती. रॅम कमी खाते, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आतच असतो. पुढे कधी ती विंडोजच्या शेजारी बसवाल तर आधी डिव्हाइस एन्क्रिप्शनची (विंडोज डिस्कवरच्या डेटाला लावतं त्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या. ती नसेल आणि बूट, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याची रीत, बदलल्यावर विंडोजने मागितली, तर सगळा डेटा गेला.

पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा आणि खाली 'फॉर्म फॅक्टर' वाचा. 'सोडिम' असेल तर रॅम पट्टीची आहे, पुढे ती काढून १६ जीबीची टाकता येईल. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती सोल्डर केलेली आहे. मग आजच ८ जीबी असल्याची खात्री करून घ्या.