दुखापत करारापूर्वी की करारानंतर?

टेक्सासमधील डॅलसजवळ राहणाऱ्या एका दांपत्याने विचारले आहे: "आमचा मुलगा सोळा वर्षांचा असून शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्यातील एसीएल हा लिगामेंट तुटला व शस्त्रक्रिया करावी लागली. आता त्याला लवकरात लवकर कोर्टवर परतायचे आहे. 'एनबीएमध्ये दुखापत झाली तरी पैसे मिळतातच,' असे तो म्हणतो. त्याला काय सांगावे?"

आपल्या मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे. मात्र जे निम्मे खरे नाही, ते नेमके त्याच्या वयाच्या खेळाडूंना लागू पडते. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील बहुतेक मोठे करार हमीचे असतात, म्हणजे सही झाल्यानंतर खेळताना दुखापत झाली तरी ठरलेले वेतन मिळत राहते. त्यामुळे दुखापतीने किती नुकसान होणार, हे एमआरआयच्या अहवालाइतकेच सहीच्या तारखेवरही ठरते.

गोल्डन स्टेट वॉरियर्स या एकाच संघातील दोन खेळाडू पाहा. क्ले थॉम्पसनचा एसीएल जून २०१९ मधील अंतिम मालिकेत तुटला. तो या संघाच्या तीन विजेतेपदांचा भागीदार होता. महिन्याभरातच संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे १९ कोटी डॉलरचा करार केला. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या टाचेमागील अकिलीस हा स्नायुबंधही तुटला आणि सलग दोन हंगाम तो एकही सामना खेळू शकला नाही, तरी वेतन थांबले नाही. डिमार्कस कझिन्सचा अकिलीस मात्र जानेवारी २०१८ मध्ये, न्यू ऑर्लिन्सकडून खेळताना तुटला, आणि त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता. तोवर लीगमधील सर्वोत्तम सेंटर खेळाडूंत ज्याची गणना होत असे, तो कझिन्स अखेर वॉरियर्सकडे एका वर्षासाठी सुमारे ५३ लाख डॉलरवर गेला. मोठा करार त्याला पुन्हा मिळाला नाही.

हमीच्या कराराचे संरक्षणही त्या करारापुरतेच असते. डेरिक रोझ २०११ मध्ये, २२व्या वर्षी, सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. त्याच डिसेंबरमध्ये शिकागो बुल्सशी त्याने पाच वर्षांचा, ९ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. आणि एप्रिल २०१२ मध्ये प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, विजय जवळपास निश्चित झालेला असताना, त्याचा एसीएल तुटला. करार चालू होता तोवर पैसे येत राहिले. २०१६-१७ च्या हंगामात त्याचे वेतन २ कोटी १० लाख डॉलरहून अधिक होते. आणखी दुखापतींनंतर पुढच्याच हंगामात त्याला क्लीव्हलंडकडे सुमारे २१ लाखांवर खेळावे लागले. पहिल्या दुखापतीचे बिल असे पाच वर्षांनी हाती आले.

शिवाय जाहीर झालेला आकडा म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम नव्हे. केंद्रीय आयकराचा सर्वोच्च दर ३७ टक्के आहे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नसला तरी कॅलिफोर्नियात खेळलेल्या दिवसांचा तेथे भरावाच लागतो. त्यावर एजंटाचे कमिशन असते. उरलेल्या पैशांवर खेळाडूला तिशीनंतरचे सारे आयुष्य काढायचे असते.

आता परतण्याच्या घाईविषयी. २०२३-२४ पासून एनबीएमध्ये बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट आहे. इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन त्या हंगामात मांडीच्या मागील स्नायूच्या दुखापतीशी झुंजत असताना या अटीवर उघडपणे नाराज होता, आणि ते साहजिकच होते: अट पूर्ण झाल्यामुळे वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघांत त्याची निवड होऊ शकली व त्याच्या कराराची रक्कम सुमारे ४ कोटी डॉलरने वाढली. आपल्या मुलापुढे असा कोणताही आकडा नाही. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळू लागणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच अधिक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे, आणि सोळाव्या वर्षी दुसऱ्यांदा तुटलेल्या गुडघ्यामागे हमी देणारा कोणताही संघ उभा नसतो. प्रशिक्षकांच्या वेळापत्रकापेक्षा शल्यविशारदांचा शब्द येथे अंतिम मानावा.

त्याच्या बाबतीत पहिला खरा करार म्हणजे महाविद्यालयाचे शिष्यवृत्तीपत्र. ते किती वर्षांचे आहे, दुखापतीनंतर नूतनीकरण होते का आणि शिक्षण संपल्यावर उपचारांचा खर्च कोण करते, हे लेखी विचारण्यात संकोच बाळगू नये. आपल्या मंडळींच्या गप्पांत आयव्ही लीगचे, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या नामवंत विद्यापीठांच्या गटाचे, नाव केवळ प्रतिष्ठेसाठी निघते, परंतु तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही; मदत कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मिळते, त्यामुळे गुडघा गेला म्हणून ती जात नाही. क्लबच्या स्पर्धांसाठी मात्र बहुधा आपलाच आरोग्यविमा कामी येतो. त्यात वर्षाला फिजिओथेरपीच्या किती भेटी मान्य आहेत, हे आजच पाहावे. अनेक योजनांत ती मर्यादा एसीएलच्या पुनर्वसनाला पुरत नाही.

आपण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि मुलगा एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असेल, तर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर जाहिरातींचे पैसे घेता येतात. पण एच-४ धारक मुलांना नोकरी करण्याची मुभा नाही, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरही कामावर कडक निर्बंध आहेत. बुटांच्या दुकानाची छोटीशी जाहिरात जरी चालून आली, तरी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्यावर सही करू देऊ नये.