वर्गात एकच फोन असेल तर कोणतं ॲप घ्यावं?
मुलं चाळीसेक, फोन फक्त शिक्षकाचा आणि रेंज जेमतेम, असं धरून सांगतो. आधी ठरवा: ॲप शिकवायला हवंय की मुलांना कितपत समजलं ते बघायला? दोन्ही कामं एकाच ॲपच्या गळ्यात मारू नका.

समजलं का ते बघायला प्लिकर्स घ्या; छापील कार्डांवरची उत्तरं फोनच्या कॅमेऱ्याने वाचणारं हे ॲप. मुलांना फोन लागतच नाही. साइटवरून ४० कार्डांचा संच छापायचा. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यावरचा आकडा म्हणजे हजेरी क्रमांक. उत्तराचं अक्षर (ए, बी, सी किंवा डी) वरच्या बाजूला येईल असं कार्ड मुलं धरतात, तुम्ही कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. घोळ होतो तो लॅमिनेशनमध्ये. चकचकीत केलं की ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कार्ड वाचलंच जात नाही. साध्या जाड कागदावर छापा. शिवाय मुलं नक्षीवरच बोटं ठेवतात; कार्ड कडेला धरायची सवय आधी लावा. अक्षरं मुद्दाम बारीक असतात, म्हणजे शेजारी बघून उत्तर देता येत नाही. पहिलीच्या पोरांची मात्र त्यानेच पंचाईत होते.

शिकवायला दीक्षा हे सरकारी ॲप आहेच. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आदल्या दिवशी घरी स्कॅन करून व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवा. वर्गात गोल फिरणारं चक्र बघत बसाल तर तास गेला. विज्ञानाला फेट (PhET) ही सिम्युलेशनची, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांची, साइट उत्तम. लॅपटॉप असेल तर प्रयोगाची एचटीएमएल फाइल त्यावर एकदा घेतली की नेटशिवाय चालते, आणि काही सिम्युलेशन मराठीतही आहेत.

कुठल्याही ॲपात मुलांची पूर्ण नावं भरू नका. हजेरी क्रमांक पुरतो.