लहान मुलाचा आजार घरी कसा ओळखावा आणि दवाखान्यात नेमके कधी न्यावे?

तुम्ही विचारले आहे, की १४ महिन्यांचा मुलगा जूनपासून पाळणाघरात जाऊ लागला आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला त्याला सर्दी, ताप नाहीतर जुलाब होत आहेत. सध्या तीन दिवसांपासून नाक वाहते आहे आणि रात्री झोपेत घरघर ऐकू येते, तर प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे धावावे की घरी थांबावे, आणि मागच्या खेपेचे उरलेले अँटिबायोटिक सुरू करावे का. मी भांडुपमध्ये २२ वर्षांपासून लहान मुलांचा दवाखाना चालवते. हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वारंवार आजारी पडण्याने घाबरू नका. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात सात-आठ वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा सर्दी-खोकला होणे हे त्याच्या वयाच्या मुलांमध्ये नेहमीचे आहे. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो आणि नंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. मधल्या काळात मूल नीट खात असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असे समजण्याचे कारण नाही.

दवाखान्यात फोन येतो तेव्हा पालक सर्वांत आधी आकडा सांगतात, “डॉक्टर, एकशे दोन आहे.” आकडा मी लिहून घेते, पण निर्णय त्यावर घेत नाही. मूल दूध-पाणी पिते का, शेवटची लघवी कधी झाली, ताप उतरल्यावर ते खेळते का, आणि श्वास कसा चालला आहे, हे मी विचारते. १०३ ताप असूनही औषधानंतर तासाभराने भांडी वाजवत बसणाऱ्या मुलाची मला तितकी काळजी वाटत नाही, जितकी १०० तापात आईच्या खांद्यावर मलूल पडून राहणाऱ्या मुलाची वाटते. अपवाद तीन महिन्यांखालील बाळाचा: त्याला १००.४ किंवा जास्त ताप असेल, तर ते कसेही दिसत असले तरी त्याच दिवशी, त्याच वेळी न्यावे.

श्वासाबद्दल सविस्तर सांगते, कारण न्यूमोनिया ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे साधन यंत्र नसून घड्याळ आहे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातला शर्ट वर करावा आणि पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते १२ महिन्यांत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. ताप चढलेला असताना किंवा मूल रडत असताना श्वास एरवीही वाढतो, म्हणून ते शांत झाल्यावर पुन्हा मोजावे. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ज्याला आपल्याकडे “पोट उडते आहे” म्हणतात, तर मोजत बसू नये, लगेच निघावे.

पूर्ण मिनिटाचा आग्रह मी का धरते, तेही सांगते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात, जुलैतल्या एका तुडुंब संध्याकाळी, नऊ महिन्यांच्या एका मुलीचे श्वास मी १५ सेकंद मोजले आणि चारने गुणले. उत्तर ४४ आले, मी साधी सर्दी म्हणून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला घेऊन परत आली तेव्हा नाकपुड्या फुलत होत्या आणि श्वास ६८ होते. लहान बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. थोडा वेळ भरभर, मग संथ असा चालतो, आणि माझ्या वाट्याला नेमका संथ तुकडा आला होता. पाच दिवस रुग्णालयात राहून ती बरी झाली, पण तेव्हापासून मी एक मिनिट कधीही कापलेले नाही.

नुसती घरघर, जी बहुतेकदा नाकात अडकलेल्या शेंबडाची असते, आणि जलद श्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरघरीसाठी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत, विशेषतः दूध पाजण्याआधी. वर्ष उलटलेले असल्याने अर्धा चमचा मध चालेल. एक वर्षाखाली मध अजिबात देऊ नये. उकळत्या पाण्याची वाफ नको, कारण पातेले कलंडून भाजलेली मुले मी पाहिली आहेत. ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालण्याची पद्धत आहे, तीही टाळावी. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. खोकल्याची सिरप या वयात उपयोगाची नाहीत आणि निर्धोकही नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याने सुचवले तरी घेऊ नयेत.

जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार कमी झाल्याने, आणि त्यावरचा उपाय इतका साधा आहे की लोकांचा त्यावर विश्वासच बसत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना सलाइन पुरेनासे झाल्यावर मीठ-साखरेचे द्रावण पाजून हजारोंना वाचवले. आज औषधाच्या दुकानात ओआरएस नावाने मिळणाऱ्या या द्रावणाच्या पुडीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, आणि हे प्रमाण हेच औषध आहे. म्हणून एक लिटरची पुडी एकाच वेळी पूर्ण लिटर पाण्यात विरघळवावी; चिमूट-चिमूट काढून पेल्यात घालू नये, आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्यावे. प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. सोबत झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच बंद करू नये. अंगावरचे दूध, गुरगुट्या भात, वरण चालू ठेवावे. “दात येत आहेत म्हणून जुलाब” हे ऐकून थांबू नका. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नसणे किंवा पोटात काहीच न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर घरचे उपचार संपले असे समजावे.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे: वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. चूक होते ती बाटलीत. पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२० किंवा १२५, तर कुठे २५० मिलिग्रॅम असते आणि ड्रॉप्समध्ये एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १२५ च्या सिरपचे पाच मिलिलिटर योग्य आहेत. तेच माप ड्रॉप्सचे दिले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. त्यामुळे “एक चमचा” असे न म्हणता लेबल वाचून सिरिंजने मोजावे.

पावसाळ्यात मुंबईत आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड मनाने देऊ नये, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर मलेरिया आणि डेंग्यूची रक्ततपासणी करून घ्यावी. महापालिकेच्या दवाखान्यांत मलेरियाची तपासणी मोफत होते. डेंग्यूत ताप उतरण्याचा काळच, साधारण तिसरा ते सातवा दिवस, अधिक धोक्याचा असतो. तेव्हा सतत उलट्या, पोटदुखी, गार हातपाय किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर “ताप गेला” या समाधानात राहू नये.

उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. विषाणूच्या सर्दीवर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि पाणी घालून तयार केलेले असे औषध बहुधा आठवडाभरच टिकते.

आज रात्री मुलगा झोपला की त्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा आणि कागदावर वेळेसह लिहा. ४० पेक्षा कमी असतील, पोट उडत नसेल आणि तो दूध पीत असेल, तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. ४० किंवा अधिक असतील तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढेच आले तर आज रात्रीच डॉक्टरांना दाखवा. तो पिणे सोडून देत असेल, उठवूनही नीट जागा होत नसेल किंवा झटका आला, तर १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. तो कागद सोबत ठेवा, तिथल्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.