अफ्रेडला ‘ऑफ’, मॅरिडला ‘टू’ : इंग्रजी विशेषणांची विभक्ती

प्रश्न पिंपळगाव बसवंतहून आला आहे. विचारणाऱ्या ताई द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघतात. नेदरलँड्समधल्या खरेदीदाराला त्यांनी लिहिलं, ‘वुई आर रिस्पॉन्सिबल ऑफ द क्वालिटी’. साहेबांनी ‘ऑफ’वर काट मारून ‘फॉर’ केलं. ताईंचं म्हणणं असं : ‘मालाची जबाबदारी आमची, मग ‘ची’चं ‘ऑफ’ का नाही? अफ्रेडला ऑफ चालतं, मॅरिडला टू लागतं, अँग्रीला विथ. याला काही नियम आहे, की नुसतं पाठ करायचं?’

ताई, शब्द चुकला, पण तुम्ही ज्या वाटेनं गेलात ती वाट चांगली आहे. ‘चा-ची-चे’वरून ‘ऑफ’ काढायचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. कुत्र्याची भीती, लेकीचा अभिमान, केल्याची लाज, शेजाऱ्याचा हेवा, धोक्याची जाणीव, गाण्याची आवड, त्याच त्या कामाचा कंटाळा. आता इंग्रजीत बघा : अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, जेलस, अवेअर, फाँड, टायर्ड. सातही जणांना ‘ऑफ’च लागतं. मात्र एक पथ्य पाळायचं. मनात मराठी वाक्य क्रियापदानं करायचं नाही, नामानं करायचं. ‘मी कुत्र्याला भितो’ म्हटलंत तर ‘ला’ आडवं येतं आणि हात ‘टू’कडे जातो. ‘मला कुत्र्याची भीती वाटते’ म्हटलंत की ‘ऑफ’ समोर येऊन उभं राहतं. असंच ‘पावसावर अवलंबून’मधलं ‘वर’ म्हणजे डिपेंडंट ‘ऑन’, आणि ‘शेतीत रस’मधलं ‘त’ म्हणजे इंटरेस्टेड ‘इन’.

पण प्रत्येक वेळी हे जमत नाही. तुमची ‘जबाबदारी’ त्यातलीच. उन्हाची सवय असते, तिथे युज्ड ‘टू’ येतं. धुळीची अ‍ॅलर्जी असते, तिथेही ‘टू’. हे दोन-चार शब्द वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

का ठेवावे लागतात, हे मला एका मुलाला शिकवताना नीट उमगलं. गंगापूर रोडला आमच्याच इमारतीत राहतो, नववीत आहे. संध्याकाळी इंग्रजीची वही घेऊन आला. त्यात लिहिलं होतं, ‘माय फादर इज अँग्री ऑन मी’. म्हटलं, ‘ऑन’ कुठून आलं? तर म्हणाला, ‘काका, बाबा माझ्यावर रागावलेत ना!’ त्याचं संस्कृत चांगलं आहे, म्हणून विचारलं, ‘हेच संस्कृतात सांग.’ लगेच म्हणाला, ‘पिता मह्यं क्रुध्यति.’ ‘मयि का नाही? तुझ्यावर रागावलेत ना?’ ‘क्रुध्‌ला चतुर्थी लागते, काका.’ पुढे मी काही बोललोच नाही. त्यानं स्वतःच ‘ऑन’ खोडलं, वर ‘विथ’ लिहिलं आणि म्हणाला, ‘म्हणजे अँग्रीला विथ लागतं, तसंच.’

अगदी तसंच. नमःला चतुर्थी, सहला तृतीया, विनाला द्वितीया हे आपल्याकडची मुलं दहावीपर्यंत घोकतात. त्याला उपपद विभक्ती म्हणतात. शेजारी कोणता शब्द बसला आहे, त्यावरून विभक्ती ठरते. इंग्रजीनं विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ सगळे टाकून दिले, त्यांचं काम आता हे छोटे शब्द करतात. म्हणून ‘विथचा अर्थ काय’ असं विचारण्यापेक्षा ‘अँग्रीला काय लागतं’ असं विचारावं. एक जोड देऊन ठेवतो : रागावलेला माणूस ज्याच्यावर रागावला आहे त्याला ‘विथ’, आणि ज्या गोष्टीवरून रागावला आहे तिला ‘अबाउट’ किंवा ‘अ‍ॅट’. माणसालाही ‘अ‍ॅट’ लावलेलं आता सर्रास वाचायला मिळतं, ते चूक धरू नका. ‘ऑन’ मात्र चूकच.

भीतीचं उदाहरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘भीत्रार्थानां भयहेतुः’. भिणं आणि रक्षण करणं या अर्थाच्या धातूंबरोबर, ज्याचं भय वाटतं ते अपादान, म्हणजे तिथे पंचमी. व्याघ्रात् बिभेति. हिंदीनं तोच धागा धरला, ‘बाघ से डरता है’. मराठीनं तो सोडला आणि आपण ‘वाघाला भितो’ म्हणू लागलो. वाघ एकच, भीतीही तीच, विभक्ती मात्र भाषेगणिक वेगळी. इंग्रजीत ‘अफ्रेड फ्रॉम’ म्हणणारी मुलं हिंदीच्या ‘से’वरून तिथे पोचतात आणि सगळे त्यांना हसतात. त्यांना हसू नये. एका एफचं ‘ऑफ’ आणि दोन एफचं ‘ऑफ’ हे मुळात एकच शब्द होते, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ ‘पासून, दूर’ असा होता. अफ्रेड हा शब्दही जुन्या फ्रेंचमधल्या ‘घाबरवणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे. अफ्रेड म्हणजे घाबरवलेला. भीती जिथून आली ते सांगायला ‘ऑफ’. म्हणजे खोलात पंचमीच आहे, आज वरून ती षष्ठीसारखी दिसते इतकंच.

‘डिफरंट फ्रॉम’ला असलं खोदकाम लागत नाही. ‘याहून वेगळा’मधलं ‘हून’ म्हणजेच ‘फ्रॉम’. ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ही ऐकू येतं, पण ‘फ्रॉम’ लिहिलंत तर कुठेच कुणी बोट ठेवणार नाही.

‘पेक्षा’नं मात्र आपल्याकडे फार घोटाळा होतो. ‘ते माझ्यापेक्षा सीनियर आहेत’चं ‘सीनियर दॅन मी’ सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या ऑफिसांत रोज ऐकावं. तिथे ‘टू’ हवं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून तयार तुलना घेऊनच आलेले आहेत. सीनियरचाच अर्थ ‘वयानं अधिक’. इंग्रजीचं ‘दॅन’ हे ‘टॉलर’ किंवा ‘मोअर’सारख्या घरच्या रूपांच्या मागे जातं, या पाहुण्यांच्या मागे ‘टू’.

मॅरिडबद्दल विचारलंत. ‘तिचं त्याच्याशी लग्न झालं’मधल्या ‘शी’मुळे आपण ‘मॅरिड विथ’ म्हणतो. पण आपल्या आज्या काय म्हणायच्या ते आठवा : ‘थोरली निफाडला दिलीय, धाकटी येवल्याच्या अमक्यांना दिली.’ ते ‘ला’ आणि ‘ना’ म्हणजे ‘टू’. मुलगी ‘देणं’ मला पटत नाही, आणि इंग्रजीत ‘टू’ येण्याचं कारणही हे नव्हे. तरी आठवणीला ही खूण पक्की बसते, म्हणून सांगितली.

आता तुमच्या पत्राकडे येतो. रिस्पॉन्सिबलला ‘फॉर’ही लागतं आणि ‘टू’ही, पण कामं वेगळी. ज्या गोष्टीची जबाबदारी, तिला ‘फॉर’. ज्याला उत्तर द्यायचं, त्याला ‘टू’. पॅकहाऊस मालाच्या दर्जाला ‘फॉर’ आणि खरेदीदाराला ‘टू’ जबाबदार. अशा ठिकाणी शब्दयोगी बदललं की अर्थच बदलतो. हंगामाच्या शेवटी ‘टायर्ड ऑफ पॅकिंग’ म्हणालात तर पॅकिंगचा कंटाळा आला, नको झालं. ‘टायर्ड फ्रॉम पॅकिंग’ म्हणजे पॅकिंगनं अंग थकलं, उद्या पुन्हा येईन. आपलं नाशिक द्राक्षांकरता नोन ‘फॉर’, भारताची वाईनची राजधानी म्हणून नोन ‘अ‍ॅज’, आणि कुंभमेळ्याला येणाऱ्या प्रत्येक साधूला ठाऊक म्हणून नोन ‘टू’. गुडचंही तेच : गणितात हुशार तो ‘अ‍ॅट’, तब्येतीला चांगलं ते ‘फॉर’, लहान मुलांना सांभाळून घेणारी ती ‘विथ’, माझ्याशी चांगली वागली ती ‘टू’. ‘गुड इन मॅथ्स’ आपल्याकडे रूढ आहे, पण परीक्षेत आणि पत्रात ‘अ‍ॅट’ लिहा.

जाता जाता एक सांगतो. ‘नाशिक द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे’ हे वाक्य मला अजून खटकतं. ते ‘फेमस फॉर’ शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलेलं वाटतं. ‘द्राक्षांबद्दल प्रसिद्ध’ किंवा साधं ‘नाशिकची द्राक्षं प्रसिद्ध’ कानाला किती बरं लागतं! आपण इंग्रजीत मराठी विभक्ती नेतो, तशी इंग्रजीही आपल्यात तिची विभक्ती आणून ठेवते.

पाठ करावं लागेल का? हो, पण गाइडातल्या शंभर जोड्यांचा तक्ता पाठ करू नका, तो आठवड्यात उडून जातो. विशेषण वहीत लिहिताना त्याचं शब्दयोगी चिकटवूनच लिहा आणि पुढे आपल्या कामातलं एक वाक्य टाका. वाक्य तुमचं असलं की जोडी सुटत नाही. आणि शब्दयोगीनंतर क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लावा.

हे शेवटचं तुमच्या पत्रासाठी मुद्दाम सांगतो, कारण त्यात दुसरं एक वाक्य आहे, ज्याकडे साहेबांचं लक्ष गेलेलं नाही : ‘वुई आर युज्ड टू मीट स्ट्रिक्ट स्टँडर्ड्स’. कडक निकष पाळायची आम्हाला सवय आहे, असं तुम्हाला म्हणायचं आहे. तर ‘मीट’चं ‘मीटिंग’ करा. आणि टाइप करताना ‘आर’ गळू देऊ नका. ‘वुई युज्ड टू मीट’ एवढंच गेलं, तर खरेदीदार वाचेल की हे लोक निकष पूर्वी पाळायचे, आता पाळत नाहीत.